पत्ता देवनागरीतच लिही

तंजावूर, १२ जानेवारी २०२६
(एकंदर चार कार्डं. नंबर बघून वाच.)

अगो हरिप्रिया,

फोन उचलत नाही म्हणून तू तीन दिवस पुण्यात बसून थयथयाट करत असशील. कर. मी उचलणार नाही. माझा फोन फुटला आहे. काच नव्हे, आतलं सगळं. बंगळूरच्या ‘बंधुजाल’ नावाच्या कंपनीचं पत्र आलं : आमच्याकडची तुमची माहिती चोरीला गेली, तसदीबद्दल क्षमस्व. जन्मात नाव ऐकलं नाही ह्या कंपनीचं. माझी माहिती तुमच्याकडे आलीच कशी, मेल्यांनो?

म्हणून आजपासून आपला सगळा व्यवहार पोस्टकार्डावर, आणि देवनागरीत. लिफाफा नको. लिफाफा दिसला की आत काहीतरी आहे असं लोकांना वाटतं. इथे आपली माणसं घरात मराठी बोलतात आणि लिहितात तमिळमध्ये, हे तुला ठाऊक आहे. देवनागरी वाचणारा शोधायला कंदील घेऊन फिरावं लागेल. अप्पांनी मला कान पिळून शिकवली, ती आता कामाला आली. तूही तशीच लिही. पत्तासुद्धा देवनागरीत घाल, पिनकोडासकट.

आता ऐक, आणि हसू नकोस. सात वर्षांमागे दीपावळीला आपल्या नेहमीच्या रेशमी पट्टू साड्यांच्या दुकानात गेले. काउंटरवरची पोरगी कूपनं वाटत होती. मला म्हणते, “मॅडम, हे जोडप्यांचं कूपन. लग्नाच्या वाढदिवसाला पितळी दिवा मिळतो. सिंगल लोकांना काही नाही.” साडी मी घेतली, आणि दिवा माझ्या मागच्या बाईला! एकसष्टीला आले, चौतीस वर्षं पोरींना गणित शिकवलं, पण एवढा उलटा हिशोब पाहिला नाही. माझं डोकं फिरलं. कूपन ओढलं आणि नवरा लिहिला.

मागे रांग, हातात पेन, नाव काय लिहू? जे पहिलं सुचलं ते लिहिलं : सेतुराम. लग्नाची तारीख २२ ऑगस्ट १९९०. दिवा मिळाला. चांगला आहे, वात नीट राहते. पुढल्या वर्षी मूल असलेल्यांना स्टीलचा डबा होता, तेव्हा विघ्नेश झाला. त्याच्या पुढल्या वर्षी जननी.

त्या दुकानाने आमची कूपनं बंधुजालला विकली. त्यांच्या पत्रातच दुकानाचं नाव आहे. आता कॉलेजवाले विघ्नेशला इंजिनियरिंगला घ्यायला बसलेत. कुंभकोणमचं एक कुटुंब जननीला मागणी घालतं आहे. ती अमेरिकेत असते असं सांगून टाकलं, तर जास्तच खूश झाले.

पण समोरच्या सरोजाचं ऐकून मला हसू आलं नाही. तिला ‘पोलीस बोलतो’ म्हणून फोन आला. नातवाचं नाव, शाळा, सगळं बरोबर सांगितलं आणि ‘जागेवरून हलायचं नाही’ म्हणाला. सत्तर वर्षांची बाई तीन तास फोनसमोर बसून होती, पाणीसुद्धा प्यायली नाही. तिनेही तेच कूपन भरलं होतं. पण तिच्याकडे पावती नाही, गल्लीत कुणाकडेच नाही. माझ्याकडे सातही वर्षांच्या, कूपनातून फाडून दिलेल्या अर्ध्या पावत्या बिस्किटांच्या डब्यात आहेत. मी गप्प बसले तर दुकान सुटलं. बोलले तर सेतुराम बाहेर आला. तू वकील आहेस, वाट सांग.

तुझी आत्या,
कमलाक्षी

ता. क. ते नाव कुणाला सांगू नकोस.

-

पुणे, २० जानेवारी २०२६

आत्या,

नमस्कार केला, मग पोट धरून हसले, आता लिहायला बसले आहे.

सेतुराम म्हणजे तेच ना, नव्वद साली तुला बघायला आले होते, गोड सोजी तीनदा मागून घेतली, आणि मग ‘पत्रिका जमत नाही’ असा निरोप आला? बाबा अजून सांगतात, तू आठवडाभर कुणाशी बोलली नव्हतीस. नागपूरची नोकरी संपवून तुमच्याच भागात परत आलेत ना ते, बायको गेल्यावर? आत्या, तू त्या माणसाला न विचारता पस्तीस वर्षं संसार केलास!

बरं, कायदा. नवा डेटा संरक्षण कायदा आहे, गेल्या नोव्हेंबरात नियमही आले, पण त्याचे बरेच दात पुढच्या वर्षी मे महिन्यात फुटायचे आहेत. फुटले तरी कंपनीचा दंड सरकारात जाणार, तुला भरपाई नाही. जुना आयटी कायदा भरपाई देतो, पण पासवर्ड, बँक, आजारपण असलं काही गळलं तर. मनातला नवरा त्यात बसत नाही.

तिसरी वाट तुझी. गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेली खाजगी माहिती दुकानदाराने परस्पर दुसऱ्याला देणं ही ग्राहक कायद्यात अनुचित प्रथा आहे. तक्रार तुमच्याच जिल्हा आयोगात करायची, तंजावुरातच. वकील लागत नाही. आयोगाने परवानगी दिली तर सरोजाबाई आणि बाकीच्या सगळ्यांच्या वतीने एकच तक्रार करता येते. मात्र सोबत प्रतिज्ञापत्र हवं. शपथेवर. त्यात नवरा खरा की खोटा हे लिहावंच लागेल.

सरोजाबाईंना सांग, पोलीस कुणाला फोनवरून अटक करत नाहीत. पुन्हा असं झालं तर फोन ठेवायचा आणि सायबर पोलिसांच्या १९३० नंबरला कळवायचं.

हरिप्रिया

-

तंजावूर, २ फेब्रुवारी २०२६

अगो,

तुझं कार्ड बाराव्या दिवशी मिळालं आणि वर काफीच्या डबऱ्याचा, त्या पसरट वाटीचा, गोल डाग. कायद्याच्या मजकुरावर काफी ठेवतात का? अशीलांच्या कागदांचं काय करत असशील देव जाणे.

प्रतिज्ञापत्र जमणार नाही. तू म्हणशील, आत्या घाबरली. हो, घाबरले. सेतुराम रोज संध्याकाळी देवळात दिसतो. तो मान हलवतो, मी मान हलवते. तो प्रदक्षिणेला जातो, मी चपला शोधते. तीन वर्षं हे असं चाललं आहे आणि मला ते पुरतं. ज्याने मला नको म्हटलं, त्याचंच नाव मी कूपनावर लिहिलं, तेही एका दिव्यासाठी! त्याला कळलं तर मी त्या देवळात पाऊल कसं टाकू? लाज वाटते गं मला. कावेरीत उडी मारली असती, पण मेट्टूरचं धरण बंद झालं, आता पाणी घोट्याला लागतं.

सरोजा रोज संध्याकाळी येऊन विचारते, “टीचर, तक्रार केलीत?” मी म्हणते, भाचीला विचारलं आहे. फोन वाजला की ती अजून दचकते. माझ्या वर्गात कुणी खोटं उत्तर लिहिलं तर मी अख्खं पान परत लिहायला लावायची. आता माझंच पान आलं आहे.

कुंभकोणमवाल्यांना जननीची पत्रिका हवी आहे. कुठून देऊ? जन्मवेळ विचारली तर काय सांगू, दीपावळी सेलच्या दुसऱ्या दिवशी?

कमलाक्षी

-

पुणे, १० फेब्रुवारी २०२६

आत्या,

मी काफी पीत नाही. गेली दहा वर्षं चहाच पिते.

दुसरं, तुझी गुप्त लिपी. आत्या, हे पुणं आहे! इथे देवनागरी सगळ्यांना येते! तुझी चार कार्डं पोस्टमनने वाचली, वॉचमनने वाचली, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर नंबर लावून वाचली. काल लिफ्टमध्ये एक अनोळखी गृहस्थ मला म्हणाले, “जननीला एवढ्यात देऊ नका, कुंभकोणमचे लोक घाईत वाटतात.” अख्ख्या सोसायटीचं म्हणणं आहे की तू सही करावीस. वॉचमन तर म्हणतो, सरोजाबाईंसाठी तरी करा.

तुझं नशीब की तिकडे कुणाला वाचता येत नाही. म्हणजे गळती फक्त पुण्यात झाली. मग सेतुरामांना कळणार कसं? ते काय रोज आयोगात जाऊन बसतात?

वाक्य एकच लिहायचं : ‘कूपनात मी लिहिलेले पती, विवाहाची तारीख व दोन अपत्ये काल्पनिक असून मी अविवाहित आहे.’ कूपन भरताना गंमत केलीस, ठीक. शपथेवर केलीस तर तक्रारही जाईल आणि तूही अडकशील.

आणि एक विचारते, वकील म्हणून नव्हे. ते तुला अजून आवडतात का?

हरिप्रिया

-

तंजावूर, १९ फेब्रुवारी २०२६
(बंद लिफाफ्यात)

हरिप्रियाबाई यांस,

आपली ओळख नाही, तरी मी आपली दोन पत्रं वाचली आहेत. याबद्दल आधी माफी मागतो, नंतर खुलासा करतो.

आपण पत्ता देवनागरीत घालता. आमच्या भागातल्या पोस्टमनला ती लिपी येत नाही. त्याने चार घरी विचारलं आणि कुणीतरी सांगितलं, तो नागपूरहून आलेला म्हातारा हिंदी अक्षरं वाचतो. जानेवारीअखेर तो कार्ड घेऊन माझ्या दारी आला. मी देवाशपथ फक्त पत्ताच वाचणार होतो. पण कार्ड उघडं, आणि दुसऱ्या ओळीत माझं नाव. शिवाय सोजीचा उल्लेख. डोळे पुढे गेले. हातातला काफीचा डबरा मी कार्डावरच ठेवला, एवढा गोंधळ उडाला. पोस्टमनला घर सांगितलं आणि दिवसभर जेवलो नाही.

आपलं दुसरं कार्डही माझ्याकडेच आलं. ते मी वाचायला नको होतं. वाचलं. शेवटचा प्रश्न दोनदा वाचला.

आता मला कायदेशीर सल्ला हवा आहे. माझं नाव माझ्या संमतीशिवाय वापरलं गेलं, म्हणजे मी पीडित. दुसऱ्याचं खाजगी पत्र मी वाचलं, म्हणजे मी आरोपी. आणि पस्तीस वर्षांपूर्वी काय घडलं त्याचा जिवंत असलेला मी एकटाच साक्षीदार, कारण ‘नको’ असं मी कधीच म्हटलं नव्हतं. ते कसं झालं, हे कमलाक्षीबाईंनाच सांगायला हवं. पण सांगायला गेलो तर मी पत्रं वाचली हे कळेल, आणि त्या मान हलवायच्याही बंद होतील. ते मला सोसणार नाही. सहा वर्षं घरी बोलायला कुणी नाही. दिवसात तेवढी एकच गोष्ट ठरलेली असते.

काय करू?

आपला,
सेतुराम

-

पुणे, २५ फेब्रुवारी २०२६

सेतुरामकाका,

नमस्कार. आत्या माझी अशील आहे, त्यामुळे मी तुम्हाला सल्ला देऊ शकत नाही. पण गळती झाली की ज्याची माहिती गळली त्याला लगेच आणि खरं काय ते कळवायचं, हे नव्या कायद्याचं तत्त्व आहे. बंधुजालनेसुद्धा कळवलं. तुम्ही त्यांच्यापेक्षा वाईट ठरू नका.

फोनवर नको, ती उचलत नाही. कार्डावर नको, ते तुमच्याकडेच परत येईल. घरी जा.

हरिप्रिया

(हा पत्ता तमिळमध्ये आमच्या ऑफिसातल्या सेल्वीने लिहून दिला आहे.)

-

तंजावूर, ५ मार्च २०२६

अगो दुष्ट मुली,

तुला सगळं ठाऊक होतं! ठाऊक असून त्याला घरी पाठवलंस, आणि नेमका रविवारी!

रविवारी सकाळी दारात व्हॅन. आतून आठ माणसं उतरली. ताटं, केळी, विडे, मोगऱ्याचे गजरे. कुंभकोणम! जननी नसली तरी घर बघतो, व्हिडिओवर पोरगी दाखवा, म्हणाले. माझ्या हाताला लागलेलं इडलीचं पीठ. अय्यय्यो, मी सरळ स्वयंपाकघरात पळाले आणि दार लोटून घेतलं. एवढ्यात फाटक वाजलं. फटीतून बघते तर सेतुराम. पांढरी वेष्टी नेसलेला, हातात छत्री, तोंड असं की दात उपटून घ्यायला आला आहे.

नवऱ्यामुलाची आजी ओरडली, “मुलीचे वडील आले!” त्याला काही बोलूच दिलं नाही. ओढून पाटावर बसवला, हातात विडा दिला. मी आत मेले. म्हटलं आता हा सांगणार, मी कुणाचा बाप नाही, आणि ही बाई खोटारडी आहे.

त्याने विडा ताटात परत ठेवला. अगदी शांतपणे म्हणाला, “आमच्या जननीला लग्न करायचं नाही. तिचा स्वभावच तसा आहे.”

आजी म्हणाली, “असा कसा स्वभाव?”

“आईवर गेली आहे,” म्हणाला.

हरिप्रिया, मी पदर तोंडात कोंबला. हसत होते की रडत, माझं मलाच कळेना. ते लोक केळी घेऊन गेले. गजरे विसरले.

मग आम्ही बाहेर तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर बसलो. त्याने कार्डांचं सगळं सांगितलं. मी जे बोलले ते कार्डावर लिहिण्यासारखं नाही. तो मान खाली घालून ऐकत राहिला, आणि मग म्हणाला, “आता पिवळ्या पिशवीचं ऐका.”

तुला राममूर्तीमामा आठवणार नाहीत. त्या काळी आपल्या लोकांची सगळी लग्नं तेच जमवायचे. खांद्याला पिवळी कापडी पिशवी, तिच्यात साऱ्या घरांच्या पत्रिका. सेतुरामने आमच्या घरून निघताना त्याच संध्याकाळी होकार दिला होता. अप्पांनीही दिला होता. आणि दुसऱ्या दिवशी मामा ती पिशवी तिरुवैयारूच्या बसमध्ये विसरले! चाळीस घरांच्या पत्रिका गेल्या. आपल्या हातून कागद हरवला हे कबूल करायची लाज वाटली म्हणून मामांनी दोन्ही घरी जाऊन सांगितलं, “जमत नाही, समोरच्यांचाच नकार आहे.” बाकीच्या अडतीस घरांना काय सांगितलं देवाला माहीत. मरायच्या आधी त्यांनी सेतुरामला बोलावून हे सांगितलं. तोवर त्याचं लग्न होऊन वीस वर्षं झाली होती. कुणाला सांगणार? त्याची बायको चांगली होती, असं तो म्हणाला. मला ते आवडलं.

म्हणजे पस्तीस वर्षं मी समजत होते की त्याने नको म्हटलं. आणि मामांनी सांगेपर्यंत तो समजत होता की मी. एका पिशवीपायी!

आता वकीलबाई, सांग. ह्या गळतीची तक्रार कुठे करायची? मुदत किती असते?

कमलाक्षी

-

पुणे, १२ मार्च २०२६

आत्या,

तुझं कार्ड वॉचमनने खाली सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ‘आईवर गेली आहे’ला टाळ्या पडल्या. पिशवीच्या जागी काकू रडल्या.

ग्राहक तक्रारीची मुदत दोन वर्षं. तुझी तेहतीस जास्त झाली आहेत. पण आयोगाला पटेल असं सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होतो. नीट वाच : माफ होतो.

दुकानाच्या तक्रारीला मात्र मुदत आहे आणि सरोजाबाई थांबल्या आहेत. ज्याला कळू नये म्हणून तू अडून बसली होतीस, त्याला तर सगळं कळलं. आता कर सही.

हरिप्रिया

-

तंजावूर, २० एप्रिल २०२६

अगो हरिप्रिया,

केली सही. गुरुवारी तारीख होती. आम्ही एक्केचाळीस बायका गेलो, अर्ध्या माझ्याच विद्यार्थिनी. बाकं पुरली नाहीत. मी उभी राहिले आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं : पती काल्पनिक, तारीख काल्पनिक, दोन अपत्ये काल्पनिक. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, मी वर्गात बघते तशी वळून बघितलं, गप्प झालं.

दुकानाचा वकील उठला. म्हणतो, “ह्या बाईंनी आम्हालाच फसवलं. खोटी माहिती गळली तर नुकसान कसलं?” अध्यक्षबाई चष्मा पुसत म्हणाल्या, “खोटं त्यांनी फक्त तुम्हाला सांगितलं. खरं म्हणून विकलं तुम्ही.” तक्रार दाखल करून घेतली, दुकानाला आणि बंधुजालला दोघांनाही नोटीस. सरोजाने तिथेच माझे हात धरले. पुढे निकाल काय लागायचा तो लागो. परवा तिचा फोन वाजला तर तिने उचलून विचारलं, “कुठलं पोलीस ठाणं?” पलीकडच्याने ठेवून दिला.

आणि ज्या लाजेला मी तीन महिने भ्याले, तिचं काय झालं? देवळात चार जणींनी मला बाजूला घेऊन विचारलं, टीचर, तो दिवा अजून देतात का?

सेतुराम मागच्या बाकावर होता. बाहेर आल्यावर म्हणाला, “काल्पनिक हा शब्द तीनदा वाचलात. एकदा पुरला असता.” मी म्हटलं, रफ वर्क दाखवावं लागतं. आता तो देवळात नुसती मान हलवत नाही. बोलतो. फार बोलतो. नागपूरच्या उन्हाळ्यावरच काल पाऊण तास गेला.

बंधुजालने घाबरून आम्हाला एक फॉर्म पाठवला आहे, आपल्या माहितीत काय चूक आहे ते लिहून द्या म्हणून. मी भरून दिला. विघ्नेश : काढून टाका. जननी : काढून टाका. (हे लिहिताना जरा जड गेलं, गुणी पोरगी होती.) विवाहाची तारीख : चूक. पती, सेतुराम : तूर्त राहू द्या, पडताळणी चालू आहे.

तू फेब्रुवारीच्या कार्डात शेवटी विचारलं होतंस त्याचं उत्तर त्यातच आलं.

फोन आता उचलते, सकाळी कधीही कर. पण कार्ड लिहायचं बंद करू नकोस, आणि पत्ता देवनागरीतच लिही. सेल्वीकडून तमिळमध्ये लिहून घेतलास तर पोस्टमन कार्ड सरळ माझ्या घरी टाकून जाईल, आणि मग चार वाजता काफीला सेतुराम कुठलं निमित्त काढून येईल?

तुझी आत्या,
कमलाक्षी